धर्म बदलण्याचा हक्क कुणी लिहिला?

१९४७ साली युनेस्कोने जगभरातल्या विचारवंतांना एक प्रश्नावली पाठवली. माणसाला केवळ माणूस म्हणून काही हक्क असतात, ही कल्पना तुमच्या परंपरेत आहे का आणि असेल तर कोणत्या रूपात, असा तिचा रोख होता. भारतातून उत्तर देणाऱ्यांत महात्मा गांधी होते, हुमायून कबीर होते आणि नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. एस. व्ही. पुणतांबेकर होते. गांधींनी छोटेसे पत्र लिहून कळवले की, नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच हक्क उपजतो, हे आपल्याला निरक्षर पण शहाण्या आईने शिकवले. पुणतांबेकरांनी पूर्ण निबंध लिहिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे इंग्रजी भाषांतर करणारा हा अभ्यासक. मनू आणि बुद्ध यांचा आधार घेऊन त्यांनी दहा गोष्टींची यादी मांडली. पाच स्वातंत्र्ये: हिंसेपासून, अभावापासून, शोषणापासून, विटंबनेपासून आणि अकाली मृत्यू व रोगापासून. आणि पाच गुण: असहिष्णुतेचा अभाव, सहानुभाव, ज्ञान, विचाराचे व सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य, आणि भय व वैफल्य यांपासून मुक्ती.

या यादीतला नववा मुद्दा पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये जगातल्या बहुतेक सगळ्या स्वतंत्र देशांच्या प्रतिनिधींसमोर वादाला आला. पुणतांबेकरांमुळे आला असे मी म्हणत नाही. युनेस्कोच्या त्या अहवालाचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाने फारसे स्वागत केले नव्हते. आपले काम सुरू असताना दुसऱ्या संस्थेने त्यात हात घालावा, हे आयोगाच्या सदस्यांना रुचले नाही. पण मानवी हक्क ही पाश्चात्त्यांनी बाकीच्या जगाच्या गळ्यात बांधलेली वस्तू आहे, असे आजकाल दोन्ही बाजूंनी ठामपणे सांगितले जाते. ते ऐकले की मला ही यादी आठवते, आणि त्यामागून माणसांची एक रांग आठवते: बैरूतचा तत्त्वज्ञ, तिएनजिनचा नाट्यदिग्दर्शक, सियालकोटचा वकील, मुंबईची समाजसुधारक. धर्मस्वातंत्र्याचे जागतिक कलम घडले ते या माणसांच्या वादातून.

मानवी हक्क आयोगाची पहिली बैठक २७ जानेवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस येथे सुरू झाली. संयुक्त राष्ट्रसंघाला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. युद्धकाळात जहाजांची आणि विमानांची उपकरणे बनवणाऱ्या स्पेरी कंपनीच्या कारखान्यात कचेऱ्या थाटल्या होत्या. आयोगाचे सदस्य १८. अध्यक्षपदी एलेनॉर रूझवेल्ट, उपाध्यक्ष चीनचे पेंग चुन चांग, वृत्तलेखक लेबनॉनचे चार्ल्स मलिक. भारताकडून हंसा मेहता.

मलिक हे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. हार्वर्डमध्ये व्हाइटहेड यांच्याकडे आणि फ्रायबुर्गमध्ये हायडेगर यांच्याकडे शिकलेले, बोलण्यात करारी, वादात न दमणारे. चांग अगदी वेगळ्या घडणीचे. कोलंबिया विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकून चीनमध्ये परतल्यावर त्यांनी नाटके बसवली, आणि १९३० साली मेइ लानफांग या थोर नटाच्या अमेरिका दौऱ्यात साहाय्य केले. फेब्रुवारीत रूझवेल्टबाईंनी मलिक, चांग आणि सचिवालयातले कॅनडाचे कायदेपंडित जॉन हम्फ्री यांना आपल्या घरी चहाला बोलावले. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा कसा करायचा हे ठरवायचे होते. बोलणे भलतीकडेच गेले. मलिकांनी टॉमस अक्वायनस काढला. चांग म्हणाले की, जाहीरनाम्यात एकट्या पश्चिमेचा विचार असून चालणार नाही. हम्फ्री यांनी सहा महिने बाकीची कामे बाजूला ठेवून कन्फ्यूशियस वाचावा. रूझवेल्टबाई चहा ओतत ऐकत राहिल्या. त्या संध्याकाळी एकमत झाले नाही, तरी पुढची दोन वर्षे मलिक आणि चांग यांचा वादच आयोगाचे इंजिन होता. 

हम्फ्री यांच्या पहिल्या मसुद्यात ४८ कलमे होती. धर्माविषयी एकच ओळ: सदसद्विवेक, श्रद्धा आणि खासगी वा सार्वजनिक उपासना यांचे स्वातंत्र्य असेल. त्यावर फ्रान्सचे रने कासँ यांनी हात फिरवला. पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेला आणि नाझी संहारात अनेक नातलग गमावलेला हा ज्यू कायदेपंडित. त्यांनी विचाराचे स्वातंत्र्य आणि आचरणाचे स्वातंत्र्य वेगळे केले. मनात काय मानायचे यावर कुणाचीच सत्ता नाही. बाहेर काय करायचे यावर मात्र सुव्यवस्था, नीती आणि इतरांचे हक्क यांपुरत्या मर्यादा येऊ शकतात. हा भेद आज आपल्याला सहज वाटतो, पण धर्मस्वातंत्र्यावरच्या नंतरच्या साऱ्या कायद्याचा तो पाया आहे. त्यात मलिकांनी भर घातली ती धर्म बदलण्याच्या हक्काची. लेबनॉनच्या डोंगरात वेगवेगळ्या पंथांची माणसे शतकानुशतके आसऱ्याला आलेली. छळाला कंटाळून पळालेल्यांत श्रद्धा बदलल्यामुळे घर सुटलेले लोकही होते. मलिकांना हा हक्क पुस्तकातून सुचला नव्हता.

हंसा मेहतांचा प्रश्न निराळा होता. त्या बडोद्याच्या दिवाणांच्या कन्या, मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या, आणि मुंबईतूनच घटना समितीवर गेलेल्या. डॉ. जीवराज मेहता त्यांचे पती. लेक सक्सेसमध्ये आणि जिनिव्हात त्यांनी सगळ्या ‘पुरुषां’ऐवजी सगळ्या ‘मानवां’ना समान म्हणा, असा आग्रह धरला आणि तो शेवटी मान्य झाला. डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात अंमलबजावणीचा विचार करणाऱ्या गटाच्या त्या अध्यक्ष होत्या. नुसता जाहीरनामा नको, तक्रार ऐकणारी यंत्रणाही हवी, हे त्यांचे मत. आणि त्याच वर्षी दिल्लीत, मूलभूत हक्कांच्या उपसमितीत, राजकुमारी अमृत कौर यांच्यासह त्या एक वेगळीच भीती मांडत होत्या. धर्म ‘पाळण्याचे’ स्वातंत्र्य सरसकट दिले तर पडदा, बालविवाह, बहुपत्नीत्व, वारसाहक्कातली विषमता, आंतरजातीय विवाहाला मज्जाव, देवदासी प्रथा हे सगळे त्या छत्राखाली येईल आणि सुधारणेचा कायदा करताच येणार नाही. या दोघींनी जोर लावला नसता तर आपल्या राज्यघटनेच्या २५व्या कलमात समाजसुधारणेसाठी राखून ठेवलेली वाट इतकी स्पष्ट झाली असती का, याची मला शंका आहे. धर्मस्वातंत्र्याच्या चर्चेत धर्माच्या आतल्या दुबळ्या माणसाचा विचार त्यांनी आणला, आणि तो आणणाऱ्या त्या बायका होत्या हे विसरून चालणार नाही.

१९४८च्या शरद ऋतूत आमसभा पॅरिसला भरली, आयफेल टॉवरसमोरच्या शायो राजवाड्यात. मसुदा तिच्या तिसऱ्या समितीपुढे आला. समितीचे अध्यक्ष आता मलिकच होते. प्रतिनिधींची भाषणे संपता संपत नसत, तेव्हा ते हातात थांब-घड्याळ घेऊन बसू लागले. पहिल्या कलमात ईश्वराचा उल्लेख असावा, मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला असे लिहावे, ही ब्राझीलची सूचना होती. चांग यांनी शांतपणे सांगितले की, जगाच्या लोकसंख्येचा मोठा भाग चीनमध्ये राहतो आणि त्याच्या कल्पना ख्रिस्ती पश्चिमेच्या नाहीत. चीनचा प्रतिनिधी आपल्या कल्पना जाहीरनाम्यात घालायचा आग्रह धरत नाही, तेव्हा इतरांनीही तसेच संयमाने वागावे. ब्राझीलने सूचना मागे घेतली. जाहीरनाम्यात ईश्वर नाही आणि निसर्गही नाही. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेचा पाया स्वतः घालावा अशी जागा मोकळी सोडली आहे. माझ्या मते साऱ्या दस्तऐवजातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

नोव्हेंबरमध्ये धर्माचे कलम चर्चेला आले. सौदी अरेबियाचे प्रतिनिधी जमील बारूदी उठले. बारूदी हे स्वतः लेबनॉनमध्ये जन्मलेले ख्रिस्ती. पुढे तीन दशके त्यांनी सौदी अरेबियाची बाजू राष्ट्रसंघात मांडली. धर्म किंवा श्रद्धा बदलण्याचा उल्लेख गाळावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. त्यांचा युक्तिवाद केवळ शास्त्राधारित नव्हता. धर्मयुद्धे त्यांनी आठवून दिली. मिशनरी पुढे येतात आणि त्यांच्या मागून राजकीय हस्तक्षेप येतो, हा आशिया-आफ्रिकेचा अनुभव त्यांनी मांडला. ही तक्रार खोटी नव्हती. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायालय चालले. पोर्तुगीज तोफा आणि पाद्री एकत्र कसे आले, हे कोकणातल्या कुटुंबांना कुणी सांगायची गरज नाही. देवळे पडली, देव रात्रीतून नदीपार हलवले गेले. म्हणून बारूदींचा मुद्दा मराठी वाचकाने झटकून टाकू नये.

पण त्या मुद्द्याचा निष्कर्ष चुकीचा होता. सत्तेने माणसाचा धर्म बदलवला हा अन्याय असेल, तर सत्तेने माणसाला धर्मात कोंडून ठेवणे हाही तोच अन्याय आहे. दोन्हीकडे निर्णय त्याचा नसतो. गोव्यातून पळालेल्या सारस्वत कुटुंबांना जो हक्क नाकारला गेला तो आपली श्रद्धा राखण्याचा, आणि श्रद्धा सोडण्याचा हक्क हा त्याचाच भाऊ आहे. चर्चेत चांग बोलले ते याच्याच जवळचे. त्यांच्या मते ईश्वराच्या थोरवीची खरी साक्ष या जगातल्या सद्वर्तनाने देता येते, आणि विचारभेद सहन करण्याची सवय चीनला जुनी आहे. भारताच्या वतीने मोहम्मद हबीब यांनी कलमाला पाठिंबा दिला. अलिगढचे हे इतिहासकार; दिल्लीच्या सुलतानांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले. तलवार आणि श्रद्धा यांचा संबंध काय असतो आणि काय नसतो, हे त्यांच्याइतके त्या सभागृहात क्वचितच कुणाला ठाऊक असेल. सोव्हिएत गटाला उपासनेचे स्वातंत्र्य देशाच्या कायद्यांच्या चौकटीत बांधायचे होते. ते मान्य झाले नाही. देशाचा कायदाच छळ करत असेल तर त्या चौकटीला अर्थ काय? मतदान झाले तेव्हा धर्म बदलण्याच्या हक्काचा उल्लेख २७ विरुद्ध ५ मतांनी राहिला, १२ जण तटस्थ.

यानंतर ९ डिसेंबरला आमसभेत पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद झफरुल्ला खान बोलायला उभे राहिले. सियालकोटचा हा वकील फाळणीपूर्वी दिल्लीच्या फेडरल कोर्टाचा न्यायाधीश होता आणि फाळणीची सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफ आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू त्यानेच मांडली होती. मुस्लिम देशांची नाराजी त्यांना ठाऊक होती. तरी त्यांनी सांगितले की, इस्लाम हा स्वतः प्रसार करणारा धर्म आहे. दुसऱ्याने आपल्या धर्मात यावे असे सांगण्याचा हक्क आपल्याला हवा असेल, तर आपल्यातल्या माणसाला दुसरीकडे जाण्याचा हक्क नाकारता येत नाही. कुराणाचा हवाला देऊन ते म्हणाले की, ज्याची इच्छा असेल त्याने मानावे, ज्याची नसेल त्याने नाकारावे. मनात नसलेली श्रद्धा तोंडाने बोलत राहणे हा दांभिकपणा, आणि इस्लाम दांभिकपणाचा निषेध करतो. पाकिस्तानने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. इजिप्तने धर्माच्या कलमाविषयी आपले आक्षेप नोंदवले आणि तरी मत दिले. १० डिसेंबरच्या रात्री उशिरा मोजणी झाली: ४८ बाजूने, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांत सौदी अरेबिया होता, वर्णभेद जपणारी दक्षिण आफ्रिका होती आणि सोव्हिएत गटातले सहा देश होते.

झफरुल्ला अहमदिया पंथाचे होते. १९५३ साली लाहोरमध्ये त्या पंथाविरुद्ध दंगली उसळल्या आणि जमावाच्या मागण्यांत झफरुल्लांना मंत्रिमंडळातून काढा ही एक होती. पुढे ते आमसभेचे अध्यक्ष झाले, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवले. १९८४च्या वटहुकुमाने त्यांनी स्वतःला मुस्लिम म्हणवणे हाच गुन्हा झाला. पुढच्या वर्षी झफरुल्ला लाहोरमध्येच वारले. माणसाने काय मानावे हे ठरवण्याचा अधिकार राज्याला नाही, असे पॅरिसमध्ये सांगणाऱ्या माणसाच्या श्रद्धेचे नाव अखेर त्याच्या देशाच्या संसदेने ठरवले.

इकडे दिल्लीत, पॅरिसच्या मतदानाच्या चारच दिवस आधी, ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीने धर्मस्वातंत्र्याचे कलम मंजूर केले. वाद होता तो धर्माचा प्रसार करण्याच्या हक्काचा. ओरिसाच्या लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला. बंगालचे लक्ष्मीकांत मैत्र आणि मद्रासचे टी. टी. कृष्णमाचारी बाजूने बोलले. ख्रिस्ती संस्थांत चौदा वर्षे शिकूनही आपल्याला कुणी बाटवायचा प्रयत्न केला नाही, असे कृष्णमाचारींनी सांगितले. कन्हैयालाल मुनशींनी अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याची आठवण दिली. त्या आधी, मार्च १९४७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी आपल्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात धर्म मानण्याचा, त्याचा उपदेश करण्याचा आणि धर्मांतर करवण्याचाही हक्क सुव्यवस्था व नीती यांच्या मर्यादेत मागितला होता. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात सांगणाऱ्या माणसाला हा हक्क किती महत्त्वाचा वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. मलिकांनी आणि बाबासाहेबांनी हा हक्क एकाच वर्षात, दोन वेगळ्या दुःखांतून लिहून काढला.

१९५६ साली नागपुरात या वादाची दोन टोके काही महिन्यांच्या अंतराने समोर आली. एप्रिलमध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून तिने परदेशी मिशनऱ्यांवर आणि धर्मांतरांवर कडक नियंत्रण सुचवले. पुढच्या काळातल्या धर्मांतरविरोधी कायद्यांना याच अहवालाचा आधार मिळाला. आणि १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा घेणाऱ्यांत नियोगीही होते. या दोन्ही कृतींत मला विसंगती दिसत नाही. आमिषाने झालेले धर्मांतर आणि विवेकाने झालेले धर्मांतर त्यांना वेगळे वाटत होते. अडचण एवढीच की हा फरक ठरवायचे काम एकदा सरकारी अधिकाऱ्याच्या हाती दिले की नियोगींसारख्या विचारी माणसालाही आपल्या मनाचा दाखला त्याच्यापुढे ठेवावा लागेल. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लाउस खटल्यात निकाल दिला की, धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करवण्याचा हक्क येत नाही. स्वतःचा धर्म बदलण्याचा हक्क त्याने गेला नाही, पण त्या निकालाच्या आधाराने उभे राहिलेले कायदे त्या हक्काच्या दारात पहारेकरी होऊन बसले.

राष्ट्रसंघात पुढचा प्रवास मागेपुढे होत राहिला. आर्कट कृष्णस्वामी या भारतीय खासदाराने धार्मिक भेदभावावर केलेला जगव्यापी अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो या विषयाचा मूळ ग्रंथ मानला जातो. त्याच वर्षी नागरी हक्कांच्या कराराचा मसुदा तिसऱ्या समितीत आला. धर्म बदलण्याचा स्पष्ट उल्लेख पुन्हा अडला. तडजोड अशी निघाली की आपल्या पसंतीचा धर्म असण्याचे वा स्वीकारण्याचे स्वातंत्र्य म्हणावे, आणि या पसंतीवर कुणीही सक्ती करू नये असे स्वतंत्र वाक्य त्याच्या जोडीला राहावे. १९६६चा हा करार भारताने १९७९ मध्ये मान्य केला. वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ मध्येच झाला. धर्माविषयी मात्र वाटाघाटी वीस वर्षे रेंगाळल्या आणि २५ नोव्हेंबर १९८१ला आला तो फक्त जाहीरनामा. बंधनकारक करार आजवर झालेला नाही.

सक्तीविषयीचे ते एक वाक्य मात्र मोठे निघाले. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने १९९३ मध्ये स्पष्ट केले की, सक्ती म्हणजे केवळ मारझोड वा तुरुंग नव्हे. धर्मामुळे शिक्षण, वैद्यकीय सेवा किंवा रोजगार यांवर बंधन आणणारी धोरणेही सक्तीच. राष्ट्रसंघाच्या धर्मस्वातंत्र्यविषयक प्रतिनिधी म्हणून लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर मार्च २००८ मध्ये भारतात आल्या, तेव्हा त्यांनी हाच निकष लावला. धर्मांतरविरोधी कायद्यांवर टीका करताना त्यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नसावा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने तो आधी जवळजवळ फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. म्हणजे दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेल्या माणसाला केंद्राच्या सवलती परत मिळायला चौतीस वर्षे गेली. महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या १९६० च्या दशकातच सुरू केल्या होत्या. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजूनही त्या आदेशाबाहेर आहेत. त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.